जॉन ह्यूम आणि उत्तर आयर्लंडचा करार: डेरीच्या एका मास्तराची गोष्ट

डेरी हे उत्तर आयर्लंडच्या वायव्य टोकाला, फॉइल नदीच्या काठावर वसलेलं शहर. 1967 साली तिथल्या नगरपालिकेच्या मतदारयादीत साधारण साडेचौदा हजार कॅथलिक होते आणि पावणेनऊ हजारांच्या आसपास प्रोटेस्टंट. तरीही पालिकेच्या 20 जागांपैकी 12 प्रोटेस्टंटांच्या युनियनिस्ट पक्षाकडे आणि 8 कॅथलिकांच्या बाजूला. एखाद्या निवडणुकीत वारं फिरलं म्हणून असं झालं, असंही नाही. दर वेळी हेच व्हायचं.

सगळी मेख वॉर्डरचनेत होती. शहराचे तीन वॉर्ड. साउथ वॉर्डात सुमारे दहा हजार कॅथलिक आणि अकराशे प्रोटेस्टंट मतदार, जागा आठ. नॉर्थ वॉर्डात चार हजारांच्या आत प्रोटेस्टंट आणि अडीच हजार कॅथलिक, जागा तिथेही आठ. वॉटरसाइड वॉर्डात सदतीसशे प्रोटेस्टंट, साडेअठराशे कॅथलिक, जागा चार. बहुतेक कॅथलिक मतं एकाच वॉर्डात कोंबून ठेवली की उरलेल्या दोन वॉर्डांत बेतास बात बहुमतावर 12 जागा पदरात पडतात.

यात आणखी एक पेच होता. पालिकेच्या निवडणुकीत सगळ्या सज्ञान माणसांना मत नव्हतं. घर ज्याच्या नावावर, मग तो मालक असो की भाडेकरू, त्याला आणि त्याच्या जोडीदारालाच मत. आईवडिलांकडे राहणाऱ्या लग्न झालेल्या मुलाला मत नाही, खोली घेऊन राहणाऱ्याला नाही. आणि सरकारी घरं वाटायची कोणी? पालिकेनं. म्हणजे घर देणं म्हणजे मत देणं. चुकीच्या वॉर्डात कॅथलिक कुटुंबाला घर दिलं तर बारा-आठचा हिशेब कोलमडेल, म्हणून घरं साउथ वॉर्डातच बांधली जायची, नाहीतर बांधलीच जायची नाहीत. एकेका खोलीत कुटुंबंच्या कुटुंबं दाटीवाटीनं राहत. उत्तर आयर्लंडचा झगडा धर्माचा, असं बाहेरून वाटतं. जवळ जाऊन पाहिलं की तो घर, नोकरी आणि मताचा दिसतो.

याच शहरात 18 जानेवारी 1937 रोजी जॉन ह्यूम जन्मले. उत्तर आयर्लंडमधला हिंसाचार थांबवणाऱ्या 1998 च्या कराराचा आराखडा ज्यांच्या डोक्यात सगळ्यात आधी तयार होता, ते हे गृहस्थ. गोळ्या-बॉम्बची तीस वर्षं जगाला माहीत आहेत. ती संपवणारी मांडणी मात्र फार कमी जणांनी नीट समजून घेतली आहे, आणि ह्यूम यांचं आयुष्य हाच ती समजून घेण्याचा सोपा रस्ता आहे असं मला वाटतं.

आधी थोडी पार्श्वभूमी. शेकडो वर्षं ब्रिटिश अंमलाखाली असलेल्या आयर्लंडची 1921 च्या सुमारास फाळणी झाली. दक्षिणेचा मोठा भाग स्वतंत्र झाला, ईशान्येचे सहा परगणे ब्रिटनकडे राहिले. हे सहा निवडतानाच तिथे प्रोटेस्टंटांचं पक्कं बहुमत राहील हे पाहिलं होतं. सुरुवातीला साधारण दोन तृतीयांश लोकसंख्या प्रोटेस्टंट. त्यातले बहुतेक ब्रिटनशी जोडलेले राहू इच्छिणारे, म्हणून युनियनिस्ट. कॅथलिकांपैकी बहुतेकांना सगळं आयर्लंड एक व्हावंसं वाटे, ते नॅशनलिस्ट. बेलफास्टजवळच्या स्टॉरमॉन्ट इथे प्रांताची विधानसभा होती आणि 1921 पासून 1972 पर्यंत एकाच पक्षानं तिथे राज्य केलं. एक गट कायम सत्तेत, दुसरा कायम बाहेर. मतपेटीतून काही बदलणार नाही अशी खात्री पटली की माणसं एक तर गप्प बसतात किंवा बंदुकीकडे वळतात. उत्तर आयर्लंडनं दोन्ही पाहिलं.

ह्यूम सात भावंडांत थोरले. वडील सॅम गोदीत काम केलेले, महायुद्धानंतर बराच काळ बेकार. आई शर्टांच्या कारखान्याचं काम घरी आणून करायची. डेरी शर्टांसाठी प्रसिद्ध होतं, त्यामुळे बायकांना काम मिळे आणि पुरुष रिकामे. सॅम यांचं अक्षर चांगलं होतं. शेजारपाजारचे लोक सरकारी अर्ज आणि पत्रं लिहून घ्यायला त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी येऊन बसत. जॉन दहा-अकरा वर्षांचे असताना वडिलांबरोबर गल्लीच्या कोपऱ्यावरची एक प्रचारसभा ऐकत होते. वक्ते झेंडे फडकावून अखंड आयर्लंडच्या घोषणा देत होते आणि पोरगं भारावून गेलं होतं. वडील म्हणाले, यात पडू नकोस पोरा, झेंडा खाऊन पोट भरत नाही. ह्यूम यांनी ही आठवण पुढे शेकडो व्यासपीठांवर सांगितली.

1947 च्या शिक्षण कायद्यानं गरिबाघरच्या हुशार मुलांना माध्यमिक शिक्षण फुकट मिळू लागलं. त्याचा लाभ मिळालेल्या पहिल्या मुलांमध्ये ह्यूम होते. या एका कायद्यानं कॅथलिकांची एक शिकलेली पिढी उभी केली, आणि वीस वर्षांनी तीच पिढी हक्क मागायला रस्त्यावर आली. ह्यूम आधी पाद्री व्हायला मेनूथच्या धर्मविद्यालयात गेले. तो मार्ग मध्येच सोडून फ्रेंच आणि इतिहास घेऊन पदवी मिळवली आणि गावी परत येऊन शिक्षक झाले.

1960 साली त्यांनी चार सहकाऱ्यांबरोबर डेरीत क्रेडिट युनियन काढली. आपल्या भाषेत सांगायचं तर पतपेढी. भांडवल अवघं सात पौंडांच्या घरात. डेरीच्या गरिबाला बँक दारात उभं करत नव्हती. लग्न, आजारपण, मुलांचे बूट, कशासाठीही सावकार किंवा गहाणवट. पतपेढीनं शेजाऱ्यांच्याच बचतीतून शेजाऱ्यांना माफक व्याजानं कर्ज दिलं. ह्यूम संध्याकाळी शाळा सुटली की गावोगाव हिंडून पतपेढ्या उभ्या करायला मदत करत, आणि 1964 मध्ये ते आयर्लंडभरच्या क्रेडिट युनियनांच्या संघटनेचे अध्यक्ष झाले. त्या वेळी त्यांचं वय 27. नोबेल मिळाल्यानंतरही ते म्हणत की आयुष्यातल्या सगळ्या कामांत सर्वांत जास्त अभिमान मला पतपेढीचा वाटतो. त्यांच्या पुढच्या सगळ्या राजकारणाचं बीज मला या सात पौंडांत दिसतं: सरकार बदलेल तेव्हा बदलेल, तोवर हातात आहे त्यातून एकत्र काहीतरी उभं करायचं.

1964 मध्येच त्यांनी द आयरिश टाइम्समध्ये दोन लेख लिहिले आणि आपल्याच बाजूच्या पुढाऱ्यांचे कान उपटले. अखंड आयर्लंड मागणं रास्त आहे, पण ते तिथल्या प्रोटेस्टंटांच्या संमतीनंच व्हायला हवं, आणि तोवर केवळ कुरकुर करत बसणं हे राजकारण नव्हे, असा त्यांचा रोख होता. त्या काळी हे बोलायला धाडस लागत होतं. पुढच्याच वर्षी प्रांताचं दुसरं विद्यापीठ डेरीला मिळावं म्हणून त्यांनी शहरातल्या दोन्ही समाजांना एकत्र आणलं. गाड्यांचा भला मोठा ताफा स्टॉरमॉन्टवर गेला, खुद्द युनियनिस्ट महापौरही बरोबर होते. सरकारनं विद्यापीठ कोलरेन या लहानशा, प्रोटेस्टंटबहुल गावाला दिलं.

5 ऑक्टोबर 1968 रोजी डेरीच्या ड्यूक स्ट्रीटवर नागरी हक्कांच्या बंदी घातलेल्या मोर्चाला पोलिसांनी लाठ्यांनी झोडपलं. दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्यानं ते टिपलं आणि जगानं पाहिलं. मागण्या साध्या होत्या: प्रत्येक माणसाला एक मत, घरांचं न्याय्य वाटप, नोकऱ्यांत भेदभाव नको. ह्यूम आंदोलनाच्या पुढच्या फळीत आले आणि फेब्रुवारी 1969 मध्ये अपक्ष म्हणून स्टॉरमॉन्टवर निवडून गेले, तेही नॅशनलिस्ट पक्षाच्या नेत्याला हरवून. ऑगस्ट 1970 मध्ये त्यांनी आणि इतरांनी मिळून सोशल डेमोक्रॅटिक अँड लेबर पार्टी, म्हणजे एसडीएलपी, स्थापन केली. अखंड आयर्लंड हवं, पण फक्त शांततेच्या मार्गानं आणि संमतीनं, ही त्या पक्षाची भूमिका. दुसरीकडे आयआरए ही भूमिगत सशस्त्र संघटना बंदुकीनं ब्रिटनला हाकलायला निघाली होती आणि प्रोटेस्टंटांच्याही सशस्त्र टोळ्या होत्या. ब्रिटिश लष्कर 1969 मध्ये रस्त्यावर उतरलं होतं.

ह्यूम कसे लढत याचं एक उदाहरण जवळून पाहण्यासारखं आहे. ऑगस्ट 1971 मध्ये सरकारनं विनाचौकशी स्थानबद्धता सुरू केली. ह्यूम आणि सहकारी डेरीत लष्करासमोर रस्त्यावर बसले. पांगा असा हुकूम झाला, ते हलले नाहीत. अटक झाली, दंड झाला. ह्यूम उच्च न्यायालयात गेले आणि त्यांच्या वकिलांनी स्टॉरमॉन्टला अधिकार देणारा 1920 चा मूळ कायदाच उघडला. त्या कायद्यानुसार लष्कराबाबत नियम करण्याचा अधिकार स्टॉरमॉन्टला नव्हताच, तो फक्त लंडनचा. मग स्टॉरमॉन्टच्या नियमाखाली लष्करी अधिकाऱ्यानं पांगण्याचा हुकूम दिलाच कसा? फेब्रुवारी 1972 मध्ये न्यायालयानं ह्यूम यांच्या बाजूनं निकाल दिला. लष्कराची तोवरची कारवाई बेकायदा ठरण्याची वेळ आली. लंडनच्या संसदेनं त्याच रात्री घाईघाईनं, पूर्वलक्षी प्रभावानं नवा कायदा मंजूर करून घेतला. रस्त्यावर ठाण मांडून बसलेल्या एका शिक्षकानं ब्रिटिश संसदेला रात्रभर जागवलं होतं.

पण तोवर डेरीत आक्रीत घडून गेलं होतं. 22 जानेवारी 1972 ला मॅगिलिगनच्या समुद्रकिनाऱ्यावरच्या मोर्चात पॅराशूट रेजिमेंटच्या सैनिकांनी लोकांना बदडलं, ते ह्यूम यांनी समोर उभं राहून पाहिलं. तिथल्या अधिकाऱ्याशी त्यांनी वाद घातला. या सैनिकांच्या समोर मोर्चा नेणं धोक्याचं आहे हे त्यांनी ओळखलं, म्हणून आठ दिवसांनी डेरीत निघणाऱ्या मोर्चाला त्यांनी विरोध केला आणि ते त्यात गेले नाहीत. 30 जानेवारीला त्याच रेजिमेंटनं 13 निःशस्त्र माणसांना गोळ्या घालून मारलं, चौदावा जखमी पुढे दगावला. तो दिवस ‘ब्लडी संडे’ म्हणून ओळखला जातो. त्यानंतर आयआरएकडे तरुणांची रीघ लागली आणि मार्चमध्ये लंडननं स्टॉरमॉन्ट स्थगित करून कारभार स्वतःकडे घेतला.

डिसेंबर 1973 मध्ये सनिंगडेल इथे तोडगा निघाला. दोन्ही समाजांचं संयुक्त सरकार, शिवाय उत्तर आणि दक्षिण आयर्लंडची एक सामाईक परिषद. जानेवारी 1974 मध्ये ह्यूम त्या सरकारात वाणिज्यमंत्री झाले. सरकार पाच महिने टिकलं. मे महिन्यात युनियनिस्ट कामगारांनी संप पुकारला, वीज तोडली, रस्ते अडवले, ब्रिटिश सरकार बघत राहिलं आणि मंत्रिमंडळ कोसळलं. चोवीस वर्षांनी झालेला करार आराखड्यानं पुष्कळसा हाच होता. ह्यूम यांचे सहकारी सेमस मॅलन म्हणत की 1998 चा करार म्हणजे उशिरा शिकणाऱ्यांसाठी सनिंगडेल. त्या चोवीस वर्षांत किती माणसं गेली याचा विचार केला की या वाक्यानं काळजात कळ येते. एकूण संघर्षात साडेतीन हजारांच्या आसपास माणसं मारली गेली, तीही पंधरा-सोळा लाख वस्तीच्या प्रांतात.

सरकार पडलं आणि ह्यूम बेकार झाले. घरात पाच मुलं. संसार पत्नी पॅट यांच्या शिक्षिकेच्या पगारावर चालला. पॅट यांच्याविषयी थांबून सांगायलाच हवं. पुढे नोकरी सोडून त्यांनी ह्यूम यांचं मतदारसंघाचं कार्यालय सांभाळलं. घरं, पेन्शन, तुरुंगातल्या मुलाची भेट, असल्या कामांसाठी येणारी माणसं त्यांना भेटत. घरावर पेट्रोल बॉम्ब पडले, धमक्यांचे फोन मुलांनी उचलले. ह्यूम जगभर फिरू शकले ते डेरीतलं सगळं पॅट यांनी अंगावर घेतलं म्हणून. या दांपत्यातल्या एकाचंच नाव नोबेलच्या यादीत आहे, हे मला अन्यायाचं वाटतं.

ह्यूम 1979 मध्ये पक्षाचे नेते झाले आणि त्याच वर्षी युरोपीय संसदेवर निवडून गेले. संसद फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गला. तिथून ऱ्हाइन नदीवरचा पूल ओलांडला की जर्मनीतलं केल हे गाव लागतं. पहिल्यांदा तो पूल चालून जाताना ह्यूम मध्येच थांबले. तीस-पस्तीस वर्षांपूर्वी या दोन देशांनी एकमेकांची लाखो माणसं मारली होती आणि आज लोक सहज ये-जा करत होते. फ्रेंच फ्रेंचच राहिले होते, जर्मन जर्मनच. नोबेलच्या भाषणातही त्यांनी हा प्रसंग सांगितला. युरोपनं हे साधलं ते दोघांचा आदर राखणाऱ्या संस्था उभ्या करून आणि दोघांच्या फायद्याची कामं एकत्र करून. घाम गाळा, रक्त नको, असं ते म्हणत.

यातून त्यांचा सिद्धांत पक्का झाला. जमीन एकत्र करायची भाषा सगळेच करतात, पण दुभंगली आहेत ती माणसं. सीमारेषा नकाशावरून पुसली तरी दहा लाख युनियनिस्ट तिथेच राहणार आहेत. त्यामुळे दुरुस्त करायची आहेत ती तीन नाती: उत्तर आयर्लंडमधल्या दोन समाजांचं आपसातलं, उत्तर आणि दक्षिण आयर्लंडचं, आणि आयर्लंड व ब्रिटनचं. या तिन्हींतलं एकच धरून सोडवायला गेलं की बाकीची दोन ते उधळून लावतात. ह्यूम तेच भाषण पुन्हा पुन्हा करतात अशी टिंगल व्हायची. वर्गाला धडा पाठ होईपर्यंत म्हणून घ्यायचा, ही मास्तरकीतली सवय त्यांनी सोडली नाही. 1990 च्या दशकात विरोधकही त्यांच्याच शब्दांत बोलू लागले होते.

अमेरिकेतही त्यांनी वजन वापरलं. तिथले अनेक आयरिश वंशाचे लोक भाबडेपणानं आयआरएला पैसा पाठवत. ह्यूम यांनी टेड केनेडी, टिप ओनील, डॅनियल मॉयनिहन आणि ह्यू केरी या चार बड्या नेत्यांना पटवलं आणि 1977 मध्ये त्यांनी हिंसाचाराला मदत करू नका असं जाहीर आवाहन केलं. वॉशिंग्टनचा लंडनवर दबाव वाढला. 1985 च्या करारात मार्गारेट थॅचर यांच्या सरकारनं उत्तरेच्या कारभारात डब्लिनला, म्हणजे दक्षिणेच्या सरकारला, सल्ला देण्याचा हक्क मान्य केला, त्यामागे हेही एक कारण होतं.

आता सगळ्यात अवघड भाग. 1988 मध्ये ह्यूम यांनी शिन फेन या आयआरएच्या राजकीय पक्षाचे अध्यक्ष जेरी ॲडम्स यांच्याशी बोलणी सुरू केली. बेलफास्टचे फादर ॲलेक रीड मध्यस्थ होते. ॲडम्स यांचा युक्तिवाद असा: 1918 मध्ये अख्ख्या आयर्लंडनं मिळून मतदान केलं तेव्हा स्वातंत्र्याला कौल मिळाला होता, ब्रिटननं स्वार्थापोटी तो मोडला, म्हणून लढा योग्य. ह्यूम यांचं उत्तर असं: ब्रिटनला आता इथे काही स्वार्थ उरलेला नाही. अडसर आहे तो तुमच्या शेजारच्या दहा लाख माणसांचा, आणि त्यांची मनं बॉम्बनं वळत नाहीत. नोव्हेंबर 1990 मध्ये ब्रिटिश मंत्री पीटर ब्रुक यांनी जाहीर केलं की उत्तर आयर्लंडमध्ये ब्रिटनचे स्वार्थी सामरिक किंवा आर्थिक हितसंबंध नाहीत. ॲडम्स यांच्या युक्तिवादाचा पायाच त्यानं काढून घेतला.

तरी एक गाठ राहिली. नॅशनलिस्टांना हवा होता अख्ख्या आयर्लंडचा आत्मनिर्णय. युनियनिस्टांना हमी हवी होती की आपल्या बहुमताशिवाय काही बदलणार नाही. दोन्ही एकत्र कसं द्यायचं? ह्यूम यांची तोड अशी की करार झाला की एकाच दिवशी उत्तरेत आणि दक्षिणेत वेगवेगळं सार्वमत घ्यायचं. दोन्हीकडे होकार आला तरच करार लागू. अख्ख्या आयर्लंडनं 1918 नंतर प्रथमच एका दिवशी एका प्रश्नावर मत दिलं, म्हणजे आत्मनिर्णयही झाला, आणि उत्तरेच्या संमतीशिवाय काही लादलंही गेलं नाही. बंदुकीचं शेवटचं समर्थन अशा रीतीनं मतपेटीत विरघळलं. एवढी मोठी गाठ इतक्या साध्या युक्तीनं सुटलेली राजकारणात क्वचितच सापडेल.

हे सगळं होईस्तोवर ह्यूम यांनी जे सोसलं ते भयंकर होतं. एप्रिल 1993 मध्ये ॲडम्स त्यांच्या घरी येताना दिसले आणि बोभाटा झाला. खुन्यांशी बोलतो म्हणून दक्षिणेतल्या वृत्तपत्रांनी महिनोन्‌महिने झोडपलं. पक्षातले जवळचे सहकारी नाराज झाले. ऑक्टोबरमध्ये आयआरएच्या बॉम्बनं बेलफास्टच्या शँकिल रोडवर नऊ निरपराध माणसं मारली. आठवडाभरात सूड म्हणून युनियनिस्ट टोळीनं ग्रेस्टील गावातल्या एका बारमध्ये बेछूट गोळीबार केला, त्यात आठ जण गेले. ग्रेस्टीलच्या अंत्ययात्रेत एका मृताची मुलगी ह्यूम यांच्याजवळ आली आणि म्हणाली की काल रात्री बाबांच्या शवपेटीभोवती बसून आम्ही तुमच्यासाठी, तुमच्या कामाला यश यावं म्हणून प्रार्थना केली. ह्यूम तिथेच ढसाढसा रडले. थोड्याच दिवसांत त्यांना अतिश्रमानं रुग्णालयात दाखल व्हावं लागलं. बोलणी मात्र त्यांनी सोडली नाहीत.

31 ऑगस्ट 1994 ला आयआरएनं शस्त्रसंधी जाहीर केली. ती 1996 मध्ये लंडनमधल्या बॉम्बस्फोटानं मोडली आणि जुलै 1997 मध्ये पुन्हा जुळली. अमेरिकेचे माजी सिनेटर जॉर्ज मिचेल यांच्या अध्यक्षतेखाली वाटाघाटी होऊन 10 एप्रिल 1998 रोजी, गुड फ्रायडेच्या दिवशी, करार झाला. 22 मे रोजी दोन सार्वमतं झाली. उत्तरेत 71 टक्के, दक्षिणेत 94 टक्के होकार.

करारात ह्यूम यांची तीन नाती जशीच्या तशी तीन भागांत मांडलेली आहेत. पहिल्या भागात उत्तर आयर्लंडची विधानसभा, दुसऱ्यात उत्तर-दक्षिण मंत्रिपरिषद, तिसऱ्यात ब्रिटन आणि आयर्लंड यांच्या सामाईक संस्था. शिवाय उत्तरेत जन्मलेल्याला ब्रिटिश, आयरिश किंवा दोन्ही नागरिकत्वं घेता येतात. उत्तरेतल्या बहुमतानं मागितलं तर आयर्लंड एक होऊ शकतं, तोवर उत्तर ब्रिटनमध्येच राहणार. दक्षिणेनं आपल्या राज्यघटनेतला उत्तरेवरचा दावा बदलला.

सरकार कसं बनतं हे पाहिलं की कराराची बुद्धी कळते. बहुमतवाल्यानं सगळी खाती घ्यायची नाहीत, खाती जागांच्या प्रमाणात पक्षांकडे आपोआप जातात. पद्धतीला दोन्त म्हणतात. पक्षाला एक खातं मिळालं की त्याच्या मूळ जागांना दोननं भागायचं, दुसरं मिळालं की तीननं, आणि पुढचं खातं त्या क्षणी ज्याचा आकडा मोठा त्याला. 1998 ला 108 जागांच्या सभागृहात अल्स्टर युनियनिस्ट 28, एसडीएलपी 24, डेमोक्रॅटिक युनियनिस्ट 20 आणि शिन फेन 18. पहिलं खातं 28 वाल्यांनी निवडलं, त्यांचा आकडा 14 झाला. मग 24, मग 20, मग 18 ची पाळी. पाचवं खातं पुन्हा 14 वाल्यांना. असं करत दहा खाती 3, 3, 2, 2 अशी वाटली गेली. कोणी कोणाला निमंत्रण द्यायचं नाही, कोणाशी युती करायची नाही. आयआरएचे माजी कमांडर मार्टिन मॅगिनेस याच पद्धतीनं शिक्षणमंत्री झाले. ज्यांना एकमेकांचं तोंड पाहवत नव्हतं ते एका मंत्रिमंडळात बसले, कारण गणितानं बसवलं. विश्वास नसतानाही चालेल असं यंत्र बनवणं, ही मला या कराराची सगळ्यात शहाणी गोष्ट वाटते.

कडू घोटही होते. सशस्त्र संघटनांचे चारशेहून अधिक कैदी दोन वर्षांत सुटले. ज्यांचं माणूस मारलं गेलं त्यांना मारेकरी बाजारात समोर दिसू लागले. यावर कोणताही युक्तिवाद पुरा पडत नाही, आणि करार समजावून सांगताना ही किंमत लपवता कामा नये. ऑगस्ट 1998 मध्ये कराराला न मानणाऱ्या एका फुटीर गटानं ओमा शहरात बॉम्ब लावला, 29 माणसं गेली. तरी करार टिकला. त्याच वर्षी ह्यूम आणि युनियनिस्ट नेते डेव्हिड ट्रिंबल यांना शांततेचं नोबेल मिळालं. ह्यूम यांनी आपल्या वाट्याची रक्कम गोरगरिबांसाठी काम करणाऱ्या दोन संस्थांना देऊन टाकली, एक कॅथलिकांची, एक प्रोटेस्टंटांची. 2001 सालचा गांधी शांतता पुरस्कार भारत सरकारनं त्यांना दिला. नोबेल, मार्टिन ल्यूथर किंग आणि गांधी हे तिन्ही पुरस्कार मिळालेले ते एकटेच.

त्यांच्या पक्षाला मात्र शांतता महागात पडली. 1998 ला पहिल्या पसंतीची सर्वाधिक मतं एसडीएलपीला होती. बंदूक खाली ठेवल्यावर शिन फेनही त्याच मतदाराकडे मत मागू लागला आणि 2003 च्या विधानसभा निवडणुकीत तो पुढे होता. 2022 ला, तोवर 90 जागांच्या झालेल्या सभागृहात, एसडीएलपीला 8 मिळाल्या, शिन फेनला 27. ॲडम्स यांना हात दिला तर हे होईल असं ह्यूम यांना पक्षातल्यांनी आधीच बजावलं होतं, आणि माणसं जगत असतील तर पक्ष गेला तरी चालेल असं त्यांनी ठरवलं होतं. हे मोठेपण मान्य करूनही त्यांच्या पक्षातल्यांची तक्रार मला खरी वाटते. ॲडम्स यांच्याशी काय बोलणं चाललंय हे ते मॅलन यांनासुद्धा नीट सांगत नसत. एकट्यानं ओझं वाहायची त्यांची सवय होती. पक्षबांधणी आणि पुढची फळी, याकडे त्यांनी लक्षच दिलं नाही.

2001 मध्ये त्यांनी पक्षाचं नेतृत्व सोडलं, 2005 पर्यंत सगळ्या पदांवरून निवृत्त झाले. पुढे स्मृतिभ्रंशानं ग्रासलं. आपण काय केलं हे त्यांना आठवेनासं झालं, पण डेरीचे लोक त्यांना रस्त्यात ओळखत, गप्पा मारत, घरी पोचवत. 3 ऑगस्ट 2020 रोजी ते गेले. वर्षभरानं, सप्टेंबर 2021 मध्ये, पॅटही गेल्या.

करारानं उभं केलेलं यंत्र अधूनमधून बंद पडतं. 2002 ते 2007, 2017 ते 2020 आणि 2022 ते 2024 असं तीनदा ते दीर्घकाळ ठप्प होतं. मुख्यमंत्री आणि उपमुख्यमंत्री एकाच अधिकाराचे, एक युनियनिस्टांचा, एक नॅशनलिस्टांचा. एकानं राजीनामा दिला की दुसऱ्याचं पद जातं आणि सरकार थांबतं. फेब्रुवारी 2024 मध्ये शिन फेनच्या मिशेल ओनील मुख्यमंत्री झाल्या, त्या पदावर बसलेल्या पहिल्या नॅशनलिस्ट. दरम्यान तिसराच गट वाढला आहे. प्रत्येक आमदाराला सभागृहात युनियनिस्ट, नॅशनलिस्ट किंवा इतर अशी नोंद करावी लागते, आणि काही महत्त्वाच्या ठरावांना पहिल्या दोन गटांचा वेगवेगळा पाठिंबा लागतो. 2022 मध्ये अलायन्स या दोन्हीपैकी काहीही न म्हणवणाऱ्या पक्षाला 17 जागा मिळाल्या. अशा ठरावांत या 17 जणांच्या मताचं वजन इतरांपेक्षा कमी पडतं. 1998 ला दोन समाजांना हमी देणारा नियम आज तिसऱ्याला दाराबाहेर ठेवतो, म्हणून तो बदला अशी अलायन्सची मागणी आहे. हा बदलही संमतीनंच व्हायला हवा, आणि ती बोलणी अजून व्हायची आहेत.